दणकट बाबागाडी हवी: दुसरा मजला, पेव्हरचा रस्ता आणि डिकीत सीएनजीची टाकी

नवाबाबा_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. बाळ पुढच्या महिन्यात येतंय, बाबागाडी ठरवायची आहे. परिस्थिती अशी:

दुसरा मजला, लिफ्ट नाही. सोसायटीत पेव्हर ब्लॉक, त्यातले बरेच उचकटलेले. गेटच्या बाहेर शंभरेक मीटर डांबर उखडलेलं आहे, त्याच्यापुढे बाग. गाडी छोटी हॅचबॅक, डिकीत सीएनजीची टाकी. रोज ढकलणार बायको (उंची १५५ सेंमी) आणि आई, सुट्टीला मी (१७८ सेंमी). बजेट १५ हजार, थोडं पुढेमागे चालेल.

दुकानदार म्हणतो, जितकी जड तितकी मजबूत. हे खरं आहे का? तीन चाकी घ्यावी की चार? आणि हँडल पुढे-मागे दोन्हीकडे वळतं त्या गाड्या बऱ्या दिसतात, बाळाचं तोंड आपल्याकडे राहतं. त्यात काही गोम आहे का?

आसआणिकणा

‘जड तितकी मजबूत’ हे पहिलं डोक्यातून काढा. वजन बहुतेकदा लोखंडी नळीचं असतं आणि बाबागाडी नळीत क्वचितच मोडते. ती जाते सांध्यात, चाकाच्या आसाशी आणि घडीच्या खटक्याशी. ओवेन मॅक्लॅरन या विमान अभियंत्याने १९६५ साली छत्रीसारखी मिटणारी पहिली गाडी केली ती ॲल्युमिनियमची होती, वजन तीन किलोच्याही आत. तुम्हाला तर दोन जिने चढवायची आहे. बाळंतपणानंतर, त्यातही सिझेरियन झालं असेल तर, बारा किलोची गाडी उचलायचा प्रश्नच येत नाही. सात ते नऊ किलोच्या आत राहा.

आता चाकं. तुमच्या रस्त्याला सगळा खेळ चाकाच्या व्यासाचा आहे. समजा पेव्हरची ३ सेंमीची उभी कड आली. १५ सेंमी व्यासाच्या चाकाला ती चढायला त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या सुमारे १.३ पट आडवा जोर लागतो. तीच कड ३० सेंमीचं चाक पाऊणपट जोरात चढतं. म्हणजे छोट्या चाकाची गाडी तुम्ही ढकलत नाही, तिला धडका देता. त्या धडका थेट आसावर जातात आणि सहा महिन्यांत चाक डुलायला लागतं. मागचं चाक निदान २२-२५ सेंमी आणि पुढचं १७-१८ सेंमी असं बघा. पुढे एकेका पायाला दोन-दोन बारकी चाकं असतात ती गुळगुळीत फरशीसाठी ठीक, पण दोन चाकांच्या मधे खडा अडकला की गाडी जागच्या जागी थांबते.

तीन चाकी वळायला हलकी आणि खड्ड्यात सरस. पण बहुतेकींची घडी मोठी होते, टाकीवरच्या जागेत बसणं कठीण. शिवाय वळणावर कोपऱ्याकडे कलंडायला चार चाकीपेक्षा लवकर तयार. तुमच्यासाठी चार चाकी, पुढची चाकं गरगर फिरणारी पण खटक्याने सरळ अडकवता येणारी. उखडलेल्या डांबरावर ती अडकवूनच चालवायची, नाहीतर चाक आडवं होऊन खड्ड्यात रुततं.

दुकानात रिकामी गाडी ढकलून काही कळत नाही. सोबत गव्हाच्या पिठाची दहा किलोची पिशवी न्या. लाजू नका. ती सीटवर ठेवून पट्टे लावा आणि मग:

हँडल दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळा. थोडं लवचिक असेल तर चालतं, पण सांध्यातून खडखड आली तर सोडून द्या. एका हाताने फरशीवर दहा पावलं ढकला. सरळ न जाता एकीकडे ओढत असेल तर आस वाकडा आहे किंवा एक चाक नीट बसलेलं नाही. हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलून बघा, कारण रोज प्रत्येक उंबऱ्याला हेच करायचं आहे. वहिनींनी स्वतः करून बघायचं, तुम्ही नाही. हँडल त्यांच्या कोपराच्या किंचित खाली यायला हवं. तुम्ही चालताना तुमची नडगी मागच्या आसाला लागते का, हे मात्र तुम्ही बघा. दोघांच्या उंचीत २३ सेंमीचा फरक आहे, तेव्हा कमीजास्त होणारं हँडल चैन नाही, गरज आहे.

घडी उघडल्यावर ‘खट्’ आवाज यायला हवा, आणि मुख्य खटक्याशिवाय दुसरी एक कडी हवी. एकाच हालचालीत मिटणारी गाडी बाळ आत असतानाही मिटू शकते.

हँडल दोन्हीकडे वळणाऱ्या गाड्यांत गोम आहे. हँडल पलटलं की मोठी चाकं पुढे जातात आणि फिरणारी बारकी चाकं तुमच्याकडे येतात. मग गाडी वळताना सुपरमार्केटच्या ट्रॉलीसारखी शेपूट हलवते. ब्रेकचं पेडलही पलीकडे, बाळाच्या पाठीमागे जातं. उतारावर थांबायचं तर गाडी सोडून पुढे जाऊन ब्रेक लावणार का? हँडल नको, सीट उलटी बसवता येते ती घ्या. महाग पडते, पण तीच बरोबर.

दुपटं

वर चाकांचं छान सांगितलंय, पण पहिल्या सहा महिन्यांत मजबुतीपेक्षा पाठ किती आडवी होते हे आधी बघा. नवजात बाळाला मान सावरता येत नाही. अर्धवट बसवलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. ईएन १८८८ या युरोपीय मानकात नवजातासाठी पाठ आणि सीट यांच्यातला कोन निदान १५० अंश मागितला आहे. खोक्यावर नुसतं ‘० महिन्यांपासून’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, पाठ पूर्ण खाली करून बाजूने बघा. कापड मधे झोळीसारखं लोंबत असेल तर कागदावरचा कोन काही कामाचा नाही. खाली कडक फळी हवी. हाताने दाबली की कळते.

मोहरीची उशी, लोड, आजीने शिवलेली जाड गादी यातलं काहीही गाडीत नको. उशीने डोकं पुढे ढकललं जातं, जाड गादीने पट्टे सैल होतात. गाडीसोबत जी गादी आली तेवढीच.

पट्टे पाच हवेत: दोन खांद्याचे, दोन कमरेचे, एक मांड्यांमधला. मांड्यांमधला नसेल तर बाळ खाली घसरतं आणि कमरेचा पट्टा गळ्याशी येतो. पट्टा आणि बाळ यांच्यात एक-दोन बोटं जातील इतकीच ढील ठेवा. ‘लहानच आहे, कुठे पळतंय’ म्हणून पट्टा न लावण्याची चूक सर्रास होते, आणि पडायला तर एक खड्डा पुरतो.

उन्हात ओढणी किंवा दुपटं टाकून गाडी झाकू नका. पातळ असलं तरी आतली हवा कोंडते आणि तापते. छपराला मागे जाळीची खिडकी असलेली गाडी घ्या. पावसाळी प्लॅस्टिकला हवेची भोकं हवीत, आणि ऊन पडलं की ते लगेच काढायचं.

आणि घाई नको. घरात सव्वा महिना पाळणार असाल तर बाळ तोवर बाहेर निघणारच नाही. दीड महिन्याच्या लसीलाही कडेवर नेता येतं. गाडी बाळ झाल्यावर घेतली तरी काही बिघडत नाही. (आधी वस्तू आणायची नाही म्हणणाऱ्या आजीही खूश.) फक्त मॉडेल आत्ता ठरवून ठेवा.

मेलबर्न_मराठी

ब्रेकबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. इकडे २००९ साली ॲशबर्टन स्टेशनवर आईचा हात क्षणभर सुटला आणि बाळासकट गाडी घरंगळत रुळावर गेली, वर ट्रेन आली. बाळ वाचलं. फलाटांना पाणी निघून जायला थोडा उतार असतो, तो डोळ्याला दिसत नाही, चाकाला कळतो. ऑस्ट्रेलियाच्या मानकाप्रमाणे इकडच्या गाड्यांना मनगटात अडकवायचा पट्टा असतो आणि ब्रेकचं पेडल लाल असतं. भारतातल्या गाडीला पट्टा नसला तर हँडलच्या नळीभोवती (फोमभोवती नव्हे) जाड नायलॉनची पट्टी शिवून घ्या, लांबी हात सैल राहील इतकीच. लोंबता मोठा फास नको, तो बाळापर्यंत पोचता कामा नये.

आता ब्रेक आतून कसा असतो ते बघा. पेडल दाबलं की एक खुंटी चाकाच्या तुंब्यातल्या (मधल्या हबमधल्या) दात्यांच्या मधे जाते. खुंटी नेमकी दात्याच्या टोकावर आली तर पेडल खाली गेलेलं दिसतं, पण चाक अडकलेलं नसतं. म्हणून ब्रेक लावल्यावर गाडी चार बोटं पुढेमागे हलवायची, ‘टक्’ झालं की मगच हात सोडायचा. एका पेडलने दोन्ही चाकं अडकतात ती गाडी घ्या. दोन वेगळी पेडलं असली की दुसरं हटकून विसरतं. चपलेतल्या पायाने ब्रेक सोडताही आला पाहिजे. काही पेडलं अंगठ्याने वर उचलावी लागतात, पुण्यात बारा महिने चपला, तेव्हा दाबून लागणारा आणि दाबूनच सुटणारा ब्रेक बघा.

हँडलला पिशव्या टांगू नका. सामान खालच्या टोपलीत, आणि तेही किती किलोपर्यंत चालेल ते लेबलवर लिहिलेलं असतं. भाजीची चार किलोची पिशवी हँडलला असताना बाळाला उचललं की गाडी मागे उताणी होते.

नवाबाबा_सिंहगडरोड

खूप आभार. हँडलवाली बाद. एक नवीन घोळ: मावसभावाकडे तीन वर्षं वापरलेली परदेशी गाडी आहे, हवेच्या टायरची, सीट उलटी होणारी. फुकट मिळतेय. पण पुढचं एक चाक चूंचूं करतं, आणि टायर चार महिने सपाट पडून आहे. घ्यावी का? पंक्चरची भीती वाटते.

टायरट्यूब

हवेच्या टायरला उगाच घाबरतात लोक. तुमच्या रस्त्याला हवेच्या टायरसारखं सुख नाही, हादरा बाळाच्या मानेपर्यंत पोचत नाही. मागचं चाक बारा इंची असेल तर बाजूवर १२½ × २¼ असं काहीतरी कोरलेलं असेल. त्याच मापाची ट्यूब लहान मुलांच्या सायकलला लागते, कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळते. पुढच्या चाकाची ट्यूब मात्र छोटी असते, ती आधी शोधून एक जास्तीची घेऊन ठेवा, मगच गाडीला हो म्हणा. वाकड्या मानेचा व्हॉल्व्ह असेल तर तसाच हवा, सरळ व्हॉल्व्हला पंप लावायला आऱ्यांमधे जागा मिळत नाही.

हवा किती ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, त्यापुढे जायचं नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरू नका. एवढीशी ट्यूब दोन सेकंदांत फुगते आणि फुटते. सायकलचा हातपंप पुरतो. चार महिने सपाट पडलेला टायर भरून रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा सपाट असेल तर ट्यूब बदला. बाजूच्या रबराला बारीक भेगा असतील तर टायरही.

चूंचूं म्हणजे बहुतेक वेळा केस आणि दोरे. चाक काढा (आसाजवळ बटण किंवा पिन असते), आसाला गुंडाळलेले केस कात्रीने कापा, कोरड्या फडक्याने पुसा, सिलिकॉनचा स्प्रे मारा. खोबरेल, स्वयंपाकाचं तेल, ग्रीस काही नको, आपल्या धुळीत त्याचा आठवड्यात लगदा होतो. चाक बसवून खालीवर हलवा. ‘खटखट’ लागलं तर आतली प्लॅस्टिकची बुश (आसाभोवतीची नळी) झिजली आहे. बॉल बेअरिंग असेल तर बदलता येतं, बुश त्या कंपनीचीच मिळाली तर मिळाली.

जुन्या गाडीत हे एवढं नक्की बघा. मागच्या उजव्या चाकापासून पुढच्या डाव्या चाकापर्यंत सुतळी धरा, मग उलट. अंतरात बोटभर फरक आला तर सांगाडा पिळला आहे, परत द्या. तुंब्यातले ब्रेकचे दाते गोल झिजलेत का? बिजागरीवर कापडी किंवा प्लॅस्टिकचं झाकण आहे का? २००९ मध्ये अमेरिकेत छत्रीसारख्या दहा लाखांच्या आसपास गाड्यांसाठी अशी झाकणं वाटावी लागली होती, कारण उघडताना बिजागरीत मुलांची बोटं कापली गेली. पेन्सिल शिरेल एवढी उघडी फट असेल तर उघड-मीट करताना बाळ दोन हात लांब. खाली चिकटवलेल्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि तारीख टिपून कंपनीने ते मॉडेल परत मागवलं होतं का तेही शोधा. बकलमधे बिस्किटाचा चुरा हमखास असतो. कोमट पाण्यात हलवून वाळवा, तेल सोडू नका.

आसआणिकणा

हवेच्या टायरबद्दल माझं मत थोडं वेगळं. रोज ढकलणारी दोन माणसं हातपंप मारणार नसतील तर हवा हळूहळू कमी होत राहते, आणि अर्ध्या हवेची गाडी ओढायला सर्वात जड. तेव्हा कुणी पंप मारणार असेल तरच. नाहीतर भरीव फोमची चाकं. ती कडेने झिजतात, पण पंक्चर नाही.

जिन्याचं राहिलं. बाळ कडेवर, गाडी दुसऱ्याने वेगळी. बाळासकट दोघांनी उचलून न्यायची नाही. आणि रिकामी उचलतानाही बाळासमोरच्या आडव्या दांडीला धरू नका. ती दोन खटक्यांवर बसते, ओढली की हातात येते. बाजूच्या नळ्या धरा. रोज वर-खाली नको असेल तर सांगाडा तळमजल्यावर साखळी-कुलूप लावून ठेवता येईल, पण कापड वर न्या. जुलैत जिन्याखाली आठवड्यात बुरशी धरते.

टायरट्यूब

पंपाचं मान्य. पंधरा दिवसांतून रविवारी एकदा, ते बाबांचं काम.

आणि डिकीचं सोपं आहे. मावसभावाकडून मिटलेल्या गाडीची लांबी-रुंदी-उंची चाकांसकट मागवा, किराण्याच्या खोक्यांचा तेवढा डबा करून टाकीवर ठेवा आणि डिकी लावून बघा. बसत नसेल तर मागची चाकं काढून पुन्हा मोजा, बारा इंची चाकं निघाली की उंची बरीच उतरते. टाकीच्या व्हॉल्व्हवर मात्र काहीही टेकता कामा नये.

नवाबाबा_सिंहगडरोड

खोकं केलं. चाकांसकट ४ सेंमी जास्त, चाकं काढून आरामात बसतं. शनिवारी सुतळी आणि पिठाची पिशवी घेऊन मावसभावाकडे जातो.