यॉर्कशायर थ्री पीक्सची शर्यत: नाव घालू का?

कंदीपेढा (लीड्स)

मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची साताऱ्याची. यवतेश्वरच्या घाटात पळायला शिकले, सातारा हिल हाफ मॅरेथॉन केलेली आहे. इकडे लीड्सला आल्यापासून कॅनॉलच्या काठाने पळते, पण त्या सपाटीचा आता वीट आलाय. मागच्या उन्हाळ्यात ऑफिसच्या लोकांबरोबर थ्री पीक्स चालून आले. पेनिगेंट, व्हर्नसाइड, इंगलबरो, बारा तासांच्या आत. डबे, गप्पा, फोटो, सगळं यथासांग. तेव्हा कुणीतरी म्हणालं की याच तीन डोंगरांवरून एप्रिलच्या शेवटी लोक शर्यत पळतात आणि पहिला माणूस तीन तासांच्या आत परत आलेला असतो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

पण सामानाची यादी वाचून दचकले. अंगभर वॉटरप्रूफ, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, वर जादा खाणं. अहो, तिन्ही डोंगर आपल्या कळसूबाईच्या निम्मेसुद्धा नाहीत! हे सगळं खरंच तपासतात, की आपल्याकडच्या ट्रेकच्या यादीसारखं 'बॅटरी व ताट-वाटी आणणे' एवढ्यावरच असतं? सगळ्यात मागे राहिले तर काय होतं? आणि मी शाकाहारी, तर बरोबर काय न्यावं?

नवरा म्हणतो, ते लोक वेडे आहेत, तू त्यांच्यात भर घालू नकोस. सासूबाई मात्र 'जा गं' म्हणाल्या. जाणकारांनी सांगावं.

घाटमाथ्यावरची

कंदीपेढा, तूच म्हणते, वयाने मोठी असणार मी. मूळची भोरची, आता इथे यॉर्कशायर डेल्समध्येच घर आहे. ही शर्यत पळलेय, आणि गुडघ्याने संप पुकारल्यापासून मार्शल म्हणून, म्हणजे वाटेवर लक्ष ठेवायला, उभी राहते. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

नवऱ्याला सांग, वेडे आहेत हे कबूल, पण हिशेबाला पक्के आहेत. 1954 पासून चालत आलेली शर्यत आहे, उगाच नाही. पाणी मोजक्याच ठिकाणी, बाणही कमी, पण आयोजन उत्तम.

सामान तपासतात का? तपासतात! पिशवी टेबलावर उपडी करायची. पलीकडे एक बाई असते, आवाज कधी चढत नाही तिचा. ती जाकीट हातात घेते, आतली बाजू बाहेर काढते आणि शिवणीवरून अंगठा फिरवते. शिवणीवर टेप आहे का, टोपी जाकिटाला जोडलेली आहे का, एवढंच बघते. गळ्यापाशी 'शॉवरप्रूफ' लिहिलेलं असेल तर घडी घालून परत देते. तिथे वाद घालायचा नाही. माझ्या पुढच्या एकाने फोनमधला नकाशा दाखवला, तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो गुपचूप गाडीतून कागदी घेऊन आला.

मग मनगटाला चिप बांधतात. प्रत्येक चेकपॉइंटवर एक खोकं असतं, त्याच्या भोकात चिप घालायची, पीप वाजलं की पुढे. मागून कितीही रेटारेटी झाली तरी पीप ऐकल्याशिवाय हलू नकोस. निकालासाठी आहेच ते, पण आम्हाला ते दुसऱ्याच कारणाने हवं असतं. व्हर्नसाइडवर धुक्यात उभं असताना वायरलेसवर आकडा येतो, रिबलहेडहून, म्हणजे आधीच्या चेकपॉइंटहून, इतके निघाले. आमच्याकडे इतके पोचले. मधला फरक म्हणजे तेवढी माणसं या क्षणी त्या चढावर आहेत आणि आम्हाला दिसत नाहीत. तो फरक शून्य होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही, थर्मासमधला चहा केव्हाच संपलेला असला तरी.

एका वर्षी एकच आकडा जुळेना. गार वारा, बाजूने झोडपणारा पाऊस. क्लॅपहॅमची केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन आहे ना, 1935 पासूनची, या सगळ्या भागात गुहेत काय नि डोंगरावर काय अडकलेल्यांना तेच काढतात. सगळे स्वयंसेवक. त्यांची माणसं निघायच्या तयारीत, आणि शेवटी कळलं की ते महाशय रिबलहेडलाच कंटाळून मित्राच्या गाडीत बसले होते आणि घरी टबात गरम पाण्यात पडले होते! सांगून गेले असते तर कुणी हसलं नसतं. शर्यत सोडण्यात कमीपणा अजिबात नाही. न सांगता सोडली तर मात्र पुढच्या वर्षी तोंड दाखवू नये. ही एक गोष्ट पाठ कर, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

आता वाट. एकूण साधारण 37 किलोमीटर, चढ सगळा मिळून 1600 मीटरच्या पुढे. सुरुवात-शेवट हॉर्टन गावात. पेनिगेंटच्या चढावर जीव काढू नकोस. पुढची मंडळी तुझ्या समोरून उलटी खाली येताना दिसतील, दगडांवरून अशी उतरतात की बघत राहावं. बघ, पण वाट सोडून. तिथून रिबलहेडपर्यंत पळण्याजोगं आहे आणि सगळे तिथेच फसतात, कारण 24 कमानींचा तो रेल्वेचा पूल लांबूनच दिसायला लागतो आणि जवळ काही येत नाही.

तू चालत गेलीस तेव्हा व्हर्नसाइडला वळसा घालून गेली असशील. शर्यत वळसा घालत नाही. ओढा ओलांडायचा आणि गवताच्या सरळ भिंतीला भिडायचं. इथे कुणीही पळत नाही, पहिले दहा-वीस सोडले तर. गुडघ्यांवर पंजे दाबून चढायचं, पुढच्याच्या टाचा बघत. मधेमधे हातही टेकावे लागतात. हा भाग खासगी जमिनीतून जातो, तेव्हा आधी सरावाला जायच्या आत आयोजकांच्या सूचना वाच. शेतकऱ्यांच्या मेहेरबानीवर चालतं हे, आणि एप्रिल म्हणजे कोकरांचा हंगाम.

इंगलबरोच्या शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या आहेत. तिथे पोटऱ्यांत गोळे येतात. माझ्या तर नेमके तिथेच यायचे. आणि वरून हॉर्टनपर्यंतचा उतार कागदावर सोपा दिसतो. चुनखडीचा कातळ, भेगांनी चिरफाळलेला, ओला झाला की तेल सांडल्यागत. पाय दमलेले, समोर गाव दिसतंय, आणि माणसं पडतात ती इथेच.

मागे राहण्याचं म्हणशील तर वेळेच्या मर्यादा आहेत. रिबलहेडला साधारण सव्वादोन तासांच्या आत पोचायला हवं आणि व्हर्नसाइड उतरल्यावर हिल इन नावाचा पब लागतो तिथे साडेतीनच्या आत, पण त्या-त्या वर्षीचा आकडा स्वतः बघून घे. चुकलं की थांबवतात, नंबर काढून घेतात. गोड बोलून, पण काढून घेतात. थांबवणाऱ्याशी भांडू नकोस. पुढे जो दोन तास थंडीत उभा आहे, त्याचा तो विचार करत असतो.

खाण्याचं. शेंगदाण्याची चिक्की आणू नकोस, थंडीत दगड होते आणि चढावर चावताना धाप लागते. राजगिऱ्याची वडी उत्तम, खजूर उत्तम. मी उकडलेले बटाटे मीठ लावून न्यायची, त्याला इथल्या लोकांनी आधी नाक मुरडलं आणि मग मागून खाल्लं.

पळपुटा (पुणे)

माहिती भारी आहे, पण एक शंका. पाणी मोजक्या ठिकाणी, बाण कमी, ढोल-ताशे नाहीत, वर स्वतःचं ओझं स्वतः वाहायचं. आणि याला 'उत्तम आयोजन' म्हणायचं? आमच्याकडे दर दोन-अडीच किलोमीटरला पाणी, संत्र्याच्या फोडी, स्प्रे मारणारी पोरं. पैसे भरल्यावर एवढं तर मिळायला हवं ना?

नाडीपरीक्षा

पळपुटा, डॉक्टर म्हणून उत्तर देतो. 22 मे 2021, चीनमधला गान्सू प्रांत, 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत. 172 जण धावले, 21 दगावले. त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते. सकाळी निघाले अर्ध्या चड्डीत, दुपारी उंचावर गारठलेला पाऊस आणि तुफान वारा. वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट सक्तीच्या सामानात नव्हतं. सहा जण वाचले ते एका मेंढपाळाने त्यांना गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवलं म्हणून. संत्र्याच्या फोडींनी यातलं काही टळलं नसतं.

शरीराचं गणित साधं आहे. पळत असेपर्यंत आपण भट्टी असतो. पाय मुरगळला आणि चालायला लागलो की भट्टी विझते, आणि अंगावरचे घामाचे कपडे मात्र ओलेच असतात. हॉर्टन ते व्हर्नसाइडचा माथा, उंचीतला फरक पाचशे मीटर, म्हणजे तापमानात तीनेक अंश. ते काहीच नाही. खरा मारतो तो वारा. कंदीपेढा, जाकीट थंडी वाजल्यावर घालायचं नसतं, चढ सुरू व्हायच्या आधी घालायचं. बोटं बधिर झाली की चेन ओढता येत नाही, आणि ते होईपर्यंत डोकंही मंद झालेलं असतं. कुणी पळता पळता अडखळतोय, बोलणं लडखडतंय असं दिसलं तर स्वतःची वेळ गेली खड्ड्यात, त्याच्यापाशी थांब.

घाटमाथ्यावरची

डॉक्टरसाहेबांना दुजोरा. पळपुटा, चिडू नकोस, पण तू म्हणतोस ती सरबराई. ती मलाही आवडते. इथे पैसे कशाचे घेतात, तर तू कुठे आहेस हे सतत कुणाला तरी ठाऊक असण्याचे. बाकी तुझं तू बघायचं.

आणि हो, ही त्यातल्या त्यात सोय असलेली शर्यत आहे! फेल रनर्स असोसिएशन म्हणजे इथली डोंगरात पळणाऱ्यांची संघटना, तिच्या वर्गवारीत चढाप्रमाणे ए, बी, सी आणि लांबीप्रमाणे एल, एम, एस अशी अक्षरं असतात. 20 किलोमीटरच्या पुढे एल. सरासरी किलोमीटरला 50 मीटर चढ असला की ए, 25 असला की बी. थ्री पीक्सचा हिशेब 43च्या आसपास येतो, म्हणजे बी. लेक डिस्ट्रिक्टमधली बॉरोडेलची बघ, अंतर कमी पण एएल, स्काफेल पाइक आणि ग्रेट गेबल ही दोन्ही शिखरं, आणि वाट तुमची तुम्ही शोधायची. तिथे धुक्यात पुढच्याच्या मागे गेलं तर पुढचा पण चुकलेला असतो.

कंदीपेढा (लीड्स)

ताई, डॉक्टर, खूप आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो टबातल्या माणसावर हसला आणि मग गप्प झाला. म्हणाला, मी रिबलहेडला गाडी घेऊन थांबतो. 😀

आणखी थोडं विचारते. एकदम हीच पळायची की आधी एखादी लहान? आणि पहिला नंबर किती वेळात येतो हो, उगाच उत्सुकता म्हणून.

घाटमाथ्यावरची

आधी लहान पळावीच लागेल. नाव घालताना डोंगरातला अनुभव विचारतात, आणि सातारा हिल कितीही अवघड असली तरी ती डांबरी रस्त्यावरची. उन्हाळ्यात इकडे आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी गावोगावी छोट्या शर्यती असतात, बीएस, बीएम अशा. गावाच्या हॉलमध्ये नाव द्यायचं आणि पळायचं. क्लबला लाग, एकटीने होत नाही असं नाही, पण चिखलातून उतरायचं कसं हे दुसऱ्याच्या मागे पळूनच कळतं. टाच रोवायची नाही, पावलं छोटी, हात पसरलेले, आणि नजर दोन-तीन पावलं पुढे. आणि एक, सरावाला उन्हाच्या दिवशी जाऊ नकोस. अंदाजात पाऊस दाखवला की इंगलबरोवर जा, दोघी-तिघींनी मिळून, पिशवीत सगळं सामान भरून. जाकीट, पँट, हातमोजे अंगावर चढवून नकाशा उघडून बघ. वाऱ्यात नकाशाची घडी उघडता येते का, हे घरात कळत नाही.

विक्रम पुरुषांत अँडी पीसच्या नावावर, 1996 चा, 2 तास 46 मिनिटं 3 सेकंद. बायकांत व्हिक्टोरिया विल्किन्सन, 2017, 3 तास 9 मिनिटं 19 सेकंद. म्हणजे त्यांची अंघोळ उरकते तेव्हा आपण हिल इनला.

नवऱ्याला सांग, रिबलहेडला थांबायला हरकत नाही, पण तुला गाडीत घ्यायच्या आधी मार्शलकडे आणायचं. लीड्सहून हॉर्टनला थेट गाडी आहे, सेटल-कार्लाइल लाइनची, पण त्या दिवशी पहिल्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच इकडे या. जाकिटावर काटकसर करू नकोस, बाकी सगळ्यावर कर. शिट्टी तर पिशवीच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बकलातच असते बहुतेक वेळा, आधी बघून घे, उगाच वेगळी विकत घेशील.