कॉन्ट्रास्ट कशासाठी लागतो?

तुमच्या वडिलांच्या एल४-एल५ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीच्या) ऑपरेशनला पाच महिने झालेत, पायातली कळ परत आलीय आणि डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टसह, म्हणजे शिरेतून औषध देऊन, एमआरआय सांगितलाय. हा उगाच वाढवलेला खर्च नाही. ऑपरेशनच्या जागी व्रणाची ऊती तयार होते आणि साध्या एमआरआयमध्ये ती नि पुन्हा सरकलेली चकती बऱ्याचदा सारखीच दिसतात. व्रणात रक्तवाहिन्या असतात, म्हणून गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर तो चित्रात लगेच उजळतो. चकतीच्या तुकड्यात त्या नसतात, त्यामुळे तो काळाच राहतो, फार तर कडेने उजळतो. अर्थात इंजेक्शननंतर लगेच चित्रं घ्यावी लागतात. उशीर झाला तर औषध चकतीतही झिरपतं. इंजेक्शनआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) तपासून घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर.

मात्र रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' (चकतीचा फुगवटा) वाचून घाबरू नका. नेदरलँड्समधला २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. सायटिकाच्या (नस दबून पायात जाणाऱ्या कळेच्या) उपचारांना वर्ष झाल्यावर बऱ्या झालेल्यांपैकी ३५ टक्के आणि बऱ्या न झालेल्यांपैकी ३३ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये सरकलेली चकती दिसत होती! म्हणून कळ कुठल्या नसेच्या वाटेने जाते, पाऊल उचलताना जोर कमी पडतो का, हे तपासून मगच चित्राशी ताडून पाहायला हवं.

ऑपरेशनआधीच्या फिल्म्स किंवा सीडी सोबत न्या, रेडिओलॉजिस्टना तुलनेला लागतात. आणि लघवी अडली, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.