ऑसिलोस्कोप वीस मिनिटांनी झोपतो, थापट मारली की उठतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात, खेड्यावर माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. शेताच्या कुंपणाची झटका मशीन, मोटारीचे ऑटो स्टार्टर, फवारणी पंपाचे चार्जर, जे येईल ते. चार वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या भंगारातून जुना ट्यूबवाला ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेतला, २० मेगाहर्ट्झ, दोन चॅनल. आता तोच आजारी आहे.

चालू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं ठणठणीत. मग रेघ जाड होते, थरथरते आणि वर सरकत पडद्याबाहेर जाते. लाल दिवा चालूच. उजव्या बाजूने थापट मारली की रेघ जागेवर. कधी दोन तास चालतो, कधी पाच मिनिटांत परत तेच. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे कव्हर काढून मीटर लावून बसलं की दीड-दीड तास काहीच होत नाही. कव्हर लावलं की नखरे सुरू.

आत १५-०-१५चा ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, डीसी सपाट करणारे २२०० मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर, प्लस बारा व्होल्ट देणारा ७८१२ आणि मायनस बारा देणारा ७९१२ आयसी. एकदा नशिबाने कव्हर काढल्या-काढल्या फॉल्ट सापडला, तेव्हा मायनस बारा साडेआठ ते नऊच्या मध्ये नाचत होते. प्लस बारा बरोबर बारा. ७९१२ बदलला, पेस्ट लावून हीटसिंकला घट्ट कसला. तीन दिवस बरा, चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

मग लाइनवर संशय आला. सध्या हरभऱ्याला-गव्हाला पाणी सुरू आहे, संध्याकाळी मोटारी लागल्या की दुकानात १६५-१७० व्होल्ट, आणि मध्यरात्री २५०. म्हणून स्कोप इन्व्हर्टरवर लावला. तिथे तर वीस मिनिटंही नाही, लगेच रेघ जाड! म्हणजे दोष लाइनचा नाही, ट्रान्सफॉर्मरच शॉर्ट होत असावा असं वाटतं. रिवाइंडिंगवाला म्हणतो काढून आण. काढू का? आणि दुसरा स्कोप नसताना रिपल (डीसीवर उरलेली लाट) बघायचा कसा?

सोल्डरगन: ट्रान्सफॉर्मरले हात नको लावू भाऊ. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लाटेचा) हाय काय? अन् त्याच्यावर चालवला तेव्हा प्लस बारा किती होते, पाह्यलं काय?

धागाकर्ता: हो, जुना स्क्वेअर वेव्हचाच. प्लस बारा पाहिलंच नव्हतं, आत्ता पाहून आलो. प्लस ११.४, मायनस ११.१. दोन्ही खाली.

जुना रेडिओ: मग तुमच्या इन्व्हर्टरच्या परीक्षेने तुम्हालाच फसवलं. साध्या लाइनचे २३० व्होल्ट म्हणजे शिखर ३२५. फिल्टर कॅपॅसिटर शिखरापर्यंत भरतो, म्हणून १५च्या वाइंडिंगमागे त्याच्यावर साधारण साडेवीस व्होल्ट उभे राहतात. स्क्वेअर वेव्हला वेगळं शिखर नसतं, २२० म्हणजे २२०च. कॅपॅसिटरवर जेमतेम पावणेचौदा. ७८१२ला बारा द्यायला वरून दोनेक व्होल्ट लागतात, म्हणून दोन्ही बाजू लंगडल्या. साधं मीटर मात्र इन्व्हर्टरचे २२० उलट दोनशे चाळीसच्या वर दाखवतं, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. संध्याकाळच्या १६५ व्होल्टला हेच होतं, फक्त थोडं कमी.

पण तुमचा मूळ फॉल्ट वेगळा आहे. त्यात फक्त मायनस पडतो, प्लस हलत नाही. लाइन पडली किंवा ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (लाइनकडचं वाइंडिंग) शॉर्ट झाली तर दोघांना सारखाच फटका बसेल. ब्रिजमधला एक डायोड सुटला असेल का? मला वाटत नाही. अर्ध्या अँपिअरला २२०० मायक्रोफॅरडवर सव्वादोन व्होल्टची लाट येते, अर्धी बाजू गेली तर साडेचार. तरी तळाशी सोळा उरतात, बारा सहज निघतील. साडेआठ-नऊ दिसतात म्हणजे फिल्टरच सुटतोय. मायनसच्या २२००चा पाय, नाहीतर त्याच्याकडे जाणारा ट्रॅक.

रिपल मीटरवरही कळतो. पण दोन-तीनशे रुपयांचं पिवळं मीटर एसीवर ठेवून थेट डीसीला लावू नका. बहुतेकांच्या आत डीसी अडवणारं काही नसतं, एका बाजूने दुपटीहून जास्त दाखवतं, वायर उलट केली की शून्य. लाल वायरीत ४०० व्होल्टचा १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरड) कॅपॅसिटर सिरीजमध्ये घाला आणि मीटरच्या दोन टोकांमध्ये एक लाख ओहमचा रेझिस्टर जोडा, नाहीतर कॅपॅसिटर भरून बसतो आणि मीटर काहीच दाखवत नाही. धडधाकट असेल तर अर्धा-पाऊण व्होल्ट दिसेल, फिल्टर सुटला की पाच-सहा. आकडा बिनचूक नसतो, पण फरक लपत नाही.

कव्हर काढल्यावर फॉल्ट येत नाही तो गार हवेमुळे. मीटरच्या वायरी आधी सोल्डर करून बाहेर काढा आणि वरून पुठ्ठ्याचं खोकं झाकून ठेवा. रिपल एकदम वाढला की खोकं उचलून बांबूच्या वाळलेल्या कामटीने एकेक पार्ट हलवा, बोटाने नाही. ट्यूबच्या मागे दोन हजारांच्या आसपास व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ राहतात. काम करताना एक हात खिशात ठेवा.

धागाकर्ता (दोन दिवसांनी): सापडला राजेहो! खोक्याखाली अठराव्या मिनिटाला ०.६ चे ५.८ झाले. मायनसच्या २२००ला कामटी लावली की ०.६, सोडली की पुन्हा ५.८. बोर्ड काढून पाहिला तर नुसत्या डोळ्यांना काहीच नाही. लेन्स लावून टॉर्च तिरपा धरला तेव्हा पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसली. कॅपॅसिटर उंच, त्याला धरणारा डिंक वाळून सुटलेला, शेजारी ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं, बुडाशी सिलिकॉन लावलं. ७९१२ बदलताना बोर्ड दाबला गेला असणार, म्हणून ते तीन दिवस बरे गेले. उगाच त्या नव्या आयसीचं कौतुक केलं.

संध्याकाळी १७०च्या खाली रेघ अजून जाड होते, पण आता दोन्ही बाजू सोबत पडतात. ते स्टॅबिलायझरवर भागवतो.

सोल्डरगन: कॅपॅसिटर बदलला काय? एवढा जुना ठेवू नको.

धागाकर्ता: इथे २५ व्होल्टचाच मिळतोय. जुना ३५चा आहे.

जुना रेडिओ: २५चा लावू नका. मध्यरात्री तुमच्याकडे २५० असतात ना, तेव्हा त्याच्यावर बावीसच्या वर जातील आणि लोड कमी असला तर त्याहून जास्त. यवतमाळला कोणी जाणारं असेल तर ३५ व्होल्ट, १०५ डिग्रीवाले दोन मागवा. एक बदललात तर दुसराही त्याच वयाचा आहे.

धागाकर्ता: गुरुवारी भाचा जाणार आहे, त्याला सांगतो. तोवर जुन्यावरच. तीन झटका मशीन टेबलावर पडून आहेत आणि हरभऱ्यात रोही (नीलगायी) उतरलेत, मालक रोज दोनदा फोन करतोय.