बेसिक-ॲडव्हान्स झालेल्यांसाठी हिमस्खलनाचं पुढचं प्रशिक्षण: साताऱ्यात राहून काय करता येईल?

यवतेश्वर_घाट
नमस्कार मंडळी. साताऱ्यातला पाच जणांचा गट आहे. सगळ्यांचं गिर्यारोहणाचं बेसिक झालंय, दोघांचं ॲडव्हान्स. फेब्रुवारीअखेर मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात स्नोशू आणि टूरिंग स्कीवर आठवडाभर फिरायचा बेत आहे. कोर्समध्ये हिमस्खलनावर एखाद-दुसरं लेक्चर आणि बीकनचं (गाडल्या गेलेल्याला शोधायचं, सिग्नल सोडणारं-पकडणारं यंत्र) प्रात्यक्षिक एवढंच होतं. नवख्यांसाठीची माहिती खूप सापडते, त्यामुळे ती सोडून सांगा:
१. अनुभवी लोकांनी नेमकं कोणतं प्रशिक्षण घ्यावं?
२. जाण्याआधी इथे बर्फाशिवाय कसला सराव होऊ शकतो?
३. एअरबॅगवर (स्खलनात फुगवून वर राहायला मदत करणारी पाठपिशवी) खर्च करावा का?

ऊसतोड_ते_उणे_वीस
दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण बहुतेक गट तिथेच कच्चे असतात. बीकन वापरता येणं वेगळं आणि हात थरथरत असताना चार मिनिटांत जागा पक्की करणं वेगळं. स्वित्झर्लंडच्या अपघातांच्या ताज्या विश्लेषणानुसार पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर असते, अर्ध्या तासाला ती साधारण ३० वर येते. म्हणजे मनालीहून येणारी मदत हिशेबात धरायचीच नाही. जे काही आहे ते उरलेल्या चौघांच्या हातात.

सराव कुठे: ऊस तुटून गेलेलं रान घ्या. सऱ्या आणि बुडख्यांमुळे पाय अडखळतात, अगदी स्खलनाच्या ढिगाऱ्यावर अडखळतात तसेच. खोडवा राखायचा असेल तर मालकाला आधी विचारा, नाहीतर बोलणी खाल. कासच्या पठारावर मात्र असले उद्योग नकोत. ५० बाय ५० मीटरचा चौकोन आखा. बीकन सेंड मोडवर (सिग्नल सोडत) ठेवून डब्यात घाला, डबा पाचटाने गच्च भरलेल्या पोत्यात, आणि त्यावर पाचटाचा मीटरभर ढीग. असेच पाच-सहा ढीग करा आणि एकातच बीकन ठेवा, नाहीतर डोळेच शोध लावतील. मातीत पुरू नका. प्रोब, म्हणजे खुपसून शोधायची लांब सळई, मातीत जात नाही, जोर केला तर वाकतो. पाचटातून जातो आणि पोत्याला टेकल्यावर वेगळा दाब हाताला कळतो. वरून विजेच्या तारा किंवा जवळ चालू मोटर असेल तर दुसरं रान बघा, ४५७ किलोहर्ट्झच्या सिग्नलमध्ये खरखर येते आणि अंतराचे आकडे उड्या मारतात. चाळकेवाडीचं पठार मोकळं दिसतं, पण पवनचक्क्यांमुळे तिथेही तीच अडचण.

क्रम असा. एक जण सूत्रं घेतो आणि मोठ्याने सांगतो: सगळे बीकन सर्चवर. एकाचा जरी सेंडवर राहिला तरी पुढचा सगळा शोध त्याच्याच खिशाकडे जातो. हा सगळ्यात नेहमीचा घोळ. त्यामुळे सरावात मुद्दाम एकाला सेंडवर ठेवा आणि बाकीच्यांना किती वेळात कळतं ते बघा. सिग्नल मिळेपर्यंत पट्ट्यांमध्ये चाला, पट्टीची रुंदी तुमच्या बीकनच्या पुस्तिकेत दिलेली असते, साधारण ४० ते ५० मीटर. सिग्नल मिळाला की बाण सांगेल तिकडे. आकडा हे सरळ रेषेतलं अंतर नव्हे, सिग्नलच्या वळणदार रेषेवरचं आहे. म्हणून बाणाच्या मागे वळत जावं लागतं. १० मीटरच्या आत आलात की वेग निम्मा करा. ३ मीटरला बीकन पृष्ठभागाला टेकवा आणि त्यानंतर तो फिरवायचा नाही. एका रेषेत पुढे-मागे, सर्वात लहान आकड्यावर थांबून काटकोनात डावी-उजवी. लोक इथेच वेळ घालवतात: १.१ चा १.० होतो का बघत बसतात. दोन रेषा झाल्या की बीकन बाजूला, प्रोब हातात. उताराला काटकोनात, २५ सेंटिमीटरच्या अंतराने, आतून बाहेर चक्राकार. लागला की प्रोब तिथेच सोडायचा.

खणणं हा सर्वात लांब टप्पा, आणि सराव सर्वात कमी त्याचाच होतो. मीटरभर खोल माणसासाठी टनभर तरी बर्फ हलवावा लागतो. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून खड्डा खणू नका, माणसाची हवेची पोकळी तुमच्याच वजनाने दबेल. खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत शिरा. पुढे एक, मागे दोन-दोन अशी इंग्रजी व्ही ची रचना. पुढचा फक्त ठोकळे तोडतो, मागचे वल्ह्यासारखं मागे ओढतात, कोणी उचलून खांद्यावरून फेकत नाही. पुढचा माणूस दमायच्या आधी बदलायचा. याच्या सरावाला कोणाच्या तरी बांधकामावरचा क्रश सँडचा ढीग पाणी मारून घ्या. वाळू स्खलनाच्या बर्फापेक्षा तिपटीने तरी जड असते, तेव्हा वेळेची तुलना करू नका, रचना आणि बदली तेवढी बसवा. आणि चेष्टेतसुद्धा माणसाला पुरू नका, वाळूचा कडा ढासळला तर खरीच केस होईल.

फावडं धातूच्या पात्याचं हवं. प्लॅस्टिकचं पातं स्खलनाच्या गोठलेल्या ढिगाऱ्यात तुटतं.

हिमरेषा
वरचं सगळं बरोबर, पण ती वेळ येते म्हणजे आधीचा निर्णय चुकलेला असतो. अनुभवी लोकांसाठी प्रशिक्षणाचं खरं काम तिथे आहे.

इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या ७१५ अपघातांचा अभ्यास करून दाखवलं की धोक्याची चिन्हं समोर असतानाही प्रशिक्षित गट पुढे जातात. कारणं ओळखीची आहेत: जागा परिचयाची, ध्येय ठरलेलं, गटात एक ‘जाणकार’ ज्याला कोणी विचारत नाही, पुढे दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे. आपल्याकडे यात आणखी एक जोडा: गोवा एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट. साताऱ्याहून निझामुद्दीनला जाऊन यायचं म्हणजे सुट्टीचे तीन-चार दिवस गाडीतच. मग वादळामुळे दोन दिवस गेले की तिसऱ्या दिवशी आकाश निळं दिसताच सगळे सुटतात. आणि वादळानंतरचा पहिला निळा दिवस हाच सर्वात फसवा. म्हणून दोन गोष्टी साताऱ्यातच कागदावर लिहा: कोणती चिन्हं दिसली की मागे फिरायचं, आणि पाचातल्या कोणाही एकाच्या ‘नको’ला कारण विचारायचं नाही.

चिन्हं थोडी आणि स्पष्ट ठेवा. आजूबाजूला ताजं स्खलन, पायाखाली ‘धुप्’ असा बसका आवाज, पायापासून पळत जाणारी भेग, २४ तासांत ३० सेंटिमीटरहून जास्त नवा बर्फ, वाऱ्याने वाहून साठलेला आडोशाचा उतार, तापमानात झपाट्याने वाढ. पहिल्या तिन्हींतलं एकही दिसलं तर ३० अंशांवरचा उतार त्या दिवशी बंद. चर्चा नको.

आता हिमालयाचं वेगळेपण. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोडा बर्फ पडतो, मग कित्येक रात्री निरभ्र आणि कडाक्याच्या. जमिनीलगत बर्फ शून्याच्या आसपास राहतो. समजा थर ४० सेंटिमीटरचा आणि पृष्ठभाग उणे १०. म्हणजे दर १० सेंटिमीटरला अडीच अंशांचा फरक. १ अंशाच्या वर गेला की कण साखरेसारखे सुटे, कोनदार होतात, त्यालाच डेप्थ होअर म्हणतात. जानेवारीत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं वादळ) येऊन त्यावर मीटर-दीड मीटर टाकून जातो. तळाचा हा थर आठवडेच्या आठवडे कच्चा राहतो, आणि वरचा थर (स्लॅब) घट्ट असल्यामुळे चालताना काही जाणवत नाही. पहिला माणूस सुखरूप पार झाला म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, स्लॅब जिथे पातळ आहे त्या कडेला चौथा माणूस पाऊल टाकतो आणि सगळा उतार सुटतो.

खड्डा खणून चाचणी करायची असेल तर एक्स्टेंडेड कॉलम शिका: ९० बाय ३० सेंटिमीटरचा स्तंभ, एका टोकाला फावडं, मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० ठोके. भेग पडली त्याच किंवा पुढच्याच ठोक्याला ती पूर्ण ९० सेंटिमीटर धावली तर माघार. धावली नाही तर मात्र ‘पुढे चला’ असा अर्थ होत नाही. ५० मीटरवर उत्तर वेगळं असू शकतं. चाचणीने ‘नाही’ म्हणायला शिका, ‘हो’ म्हणायला नको.

ट्रेकरांचा एक हट्टी गैरसमज: ‘वाट सपाट आहे, आम्हाला काय?’ मनाली भागातल्या बऱ्याच वाटा नाल्यांतून जातात. पायाखाली १० अंश, पण डोक्यावर ३८. वरून सुटलेलं सगळं अरुंद नाल्यात साठतं आणि थोडा बर्फही खोल गाडतो. मोसमाचंही तसंच. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा ॲडव्हान्स कोर्स द्रौपदी का डांडा २ वर स्खलनात सापडला, तेव्हा हिवाळा सुरूही झाला नव्हता.

घरी करायचा अभ्यास: १:५०,००० च्या नकाशावर ४० मीटर अंतराच्या समोच्च रेषा १.४ मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की उतार ३० अंशांच्या वर, ०.८ ला ४५. पण दोन रेषांच्या मधला वीस मीटरचा उभा टप्पा नकाशात दिसतच नाही. म्हणून नजर तयार करा. अजिंक्यताऱ्याच्या किंवा यवतेश्वरच्या गवताळ उतारावर आधी अंदाज सांगायचा, मग काठी उतारावर आडवी ठेवून त्यावर फोनचा क्लिनोमीटर (उतारमापक) लावायचा. अंदाज तीन अंशांच्या आत येईपर्यंत.

कोर्सबद्दल: अमेरिकन पद्धतीत पहिली पातळी, एक दिवसाचा रेस्क्यू आणि त्यानंतर तीन दिवसांची दुसरी पातळी असते. तुमचं बेसिक-ॲडव्हान्स झालं असलं तरी थेट दुसऱ्या पातळीला जाऊ नका, तिथे पहिली पातळी आणि रेस्क्यू झालेलंच धरतात. पैसे भरण्याआधी विचारा: एका शिक्षकामागे किती जण (सहाहून जास्त नकोत), दिवसातला किती वेळ बर्फात, आणि रोज सकाळी हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन वाचून मार्ग विद्यार्थी ठरवतात की शिक्षक. शिक्षकच ठरवत असेल तर ती नुसती गायडेड सहल झाली.

बुलेटिन संरक्षण खात्याच्या डीजीआरई या संशोधन संस्थेचं येतं, चंदीगडहून. पूर्वी हे काम सासे ही संस्था करायची, २०२० मध्ये ती यात विलीन झाली. एक ते पाच पातळ्या असतात. तीन म्हणजे ‘मध्यम’ असं मनात धरू नका, बरेच बळी तीनच्याच दिवशी जातात.

मिरज_ओपीडी
बाहेर काढल्यानंतरचं कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आधी डोकं आणि छाती मोकळी करा, पाय नंतर. तोंड-नाकात बर्फ आहे का आणि समोर हवेची पोकळी होती का हे बघून लक्षात ठेवा, पुढे डॉक्टर तेच विचारतात. गाडला गेल्याची आणि चेहरा मोकळा झाल्याची वेळ लिहून ठेवा. श्वास नसेल तर आधी ५ श्वास द्या, मगच छातीवर दाब, ३० ला २. कारण इथे हृदय बहुधा गुदमरून थांबलेलं असतं, नुसतं दाबून भागत नाही. बराच वेळ आत होता तर हलवताना आडवाच आणि अलगद. थंड पडलेलं हृदय धक्क्याने बिघडतं. हे प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर करून या, वाचून जमत नाही.

यवतेश्वर_घाट
सर्वांचे आभार. @ऊसतोड, बीकन मनालीत भाड्याने घ्यायचा विचार आहे. बघून काय घ्यायचं? आणि एकाकडे परदेशातून आणलेला सॅटेलाइट मेसेंजर आहे, तो न्यावा का?

ऊसतोड_ते_उणे_वीस
मेसेंजर घरीच. भारतात सॅटेलाइट फोन-मेसेंजर विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, विमानतळांवर लोक पकडले गेलेत.

बीकन तीन अँटेनांचाच, आणि पाचही एकाच मॉडेलचे मिळाले तर उत्तम. घेतानाच दुकानाबाहेर मोकळ्या जागेत एक सेंडवर, एक सर्चवर करून किती मीटरवर सिग्नल पकडतो ते मोजा. पाचांत एखादा निम्म्यावर येत असेल तर तो परत द्या. सेल नवे अल्कलाइन, स्वतःचे. रिचार्जेबल घालू नका, टक्केवारी खोटी दाखवते. लिथियम फक्त पुस्तिकेत परवानगी असेल तरच. घरचा बीकन असेल तर पावसाळ्यात सेल काढून ठेवा, आपल्या दमट हवेत ते गळतात आणि संपर्कपट्ट्या खातात. फोन, स्मार्टवॉच, कॅमेरा, तापणारे हातमोजे हे सेंडवर असताना २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब. शोधणाऱ्याने ते बंदच करावेत.

दोन जण एकत्र गाडले गेले तर ‘मार्क’ बटण असतं, पण सिग्नल एकमेकांवर आले की ते चुकतं. तेव्हा मार्कवर विसंबू नका, तीन मीटरच्या समांतर पट्ट्या चालून आकडे उतरताना-चढताना ऐकायचा सराव त्याच उसाच्या रानात दोन बीकन ठेवून करा.

हिमरेषा
एअरबॅगचं राहिलं. २०१४ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात गंभीर स्खलनात सापडलेल्यांचा मृत्युदर एअरबॅगने २२ वरून ११ टक्क्यांवर आला. फायदा खरा आहे, पण मोकळ्या उतारावर. नाल्यात किंवा झाडांमध्ये ती फारशी कामाची नाही, आणि साधारण पाचात एकदा ती फुगतच नाही, बहुतेकदा दोरी ओढलीच जात नाही म्हणून. त्यामुळे दोरी रोज बाहेर काढून ठेवणं आणि रिकामी ओढून बघणं आलंच. पैसे मर्यादित असतील तर आधी सर्वांना बीकन-प्रोब-फावडं, मग रेस्क्यूचा कोर्स, मग एअरबॅग. गॅसवाली घेतली तर एकदा फुगवल्यावर सिलिंडर कुठे भरून मिळणार ते आधी ठरवा. विमानाने जाणार असाल तर ती नेता येते, पण विमान कंपनीची मंजुरी तिकिटासोबतच घ्यावी लागते. चेक-इनच्या रांगेत ती मिळत नाही.