सव्वा महिना: विश्रांती म्हणायची की कैद?

कोंबड्याआधी

मुलगी साडेचार महिन्यांची झाली. आता टायपायला एक हात मोकळा मिळतो, तोही डावा. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझं कुळार, म्हणजे माहेर, गोव्यात फोंडा तालुक्यात. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण तिथेच झालं, आणि तेही ऐन श्रावणात. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा आईने मागची खोली तयार ठेवली होती. खिडकीच्या फटींत आजोबांची जुनी धोतरं कोंबलेली, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर वेताची टोपली उपडी घातलेली आणि तिच्यावर लंगोट वाळत टाकलेले. पावसात दुसरं काही वाळतच नाही. त्या धुराचा वास माझ्या केसांत अजून आहे असं मला वाटतं. त्या खोलीत गेले ती एक्केचाळीस दिवसांनी बाहेर आले. कानाला फडकं, पायात मोजे, पोटाला पट्टा. फॅनकडे नुसतं बघितलं तरी आई ओरडायची, "वारो लागतलो गो!"

विसाव्या दिवशी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. माजघरात गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली, मला दिसली नाही. संध्याकाळी आरतीला घुमट, आमचं मातीचं तालवाद्य, सुरू झालं. भिंतीपलीकडून एकेक थाप पडली की पोरीचे दोन्ही हात झटकन उघडायचे, कोणी वरून काहीतरी टाकतंय आणि ते झेलायचंय असे. मग हळूहळू मिटायचे. पुढची थाप, पुन्हा उघडले. मला आधी हसू आलं. मग रडू आलं ते काही केल्या थांबेना. आरती संपली तरी चालूच. आईने मीठ-मिरची ओवाळून टाकली आणि म्हणाली, दृष्ट लागली.

त्या दिवसांत पोरीला बघायला चाळीसेक माणसं तरी येऊन गेली असतील. बहुतेकांचा पहिला प्रश्न, "दूध पावता मगो?" (पुरतं ना?) दुसरा, "कोणावर गेली?" तू कशी आहेस, हे मला एकाच व्यक्तीने विचारलं. हॉस्पिटलात लादी पुसणाऱ्या बाईने, तिसऱ्या दिवशी, फडकं पिळता पिळता.

तर माझं मत असं, की हा सव्वा महिना आता बंद करावा. घाला ओरडा.

सत्तरीची_काकू

ओरडत नाही बाय. पण तुला थोडं मागचं सांगते.

आमच्याकडे बाई नवव्या महिन्यातसुद्धा लावणीला उतरायची. विहीर घरापासून शंभर पावलं, आणि घागरी मोजायला सासू दारात. अशा बाईला वर्षभरात हक्काची विश्रांती एकदाच, सोयर आलं की. सोयर म्हणजे विटाळ, शिवायचं नाही, हे तुम्ही शिकलेल्या मुली वाईट मानता. मानायलाच हवं. पण शिवायचं नाही म्हणजे चुलीला शिवायचं नाही, घागरीला शिवायचं नाही. कोणाची टाप नव्हती तिला कामाला लावायची, कारण मध्ये देव उभा केलेला! "दमलीय, झोपू दे" म्हटलं असतं तर ऐकलं असतं का कोणी? देवाचं नाव घेतल्यावर ऐकलं. ज्यांनी हे शोधून काढलं त्या बायका हुशार होत्या असं मला वाटतं.

माझं पहिलं १९८४ च्या पावसात. घरीच, वैजिणीच्या (सुइणीच्या) हातून. पुढे आणखी दोन. तिन्ही वेळा चाळीस दिवस पाळले, म्हणून आज या वयात गुडघे धड आहेत. तू आईच्या घरी होतीस, हातात आयती उकड्याची पेज, अळीवाची खीर, पाय चेपायला माणूस. त्याला कैद म्हणतेस?

तिरफळ

काकूंशी सहमत. आयतं मिळालं की कैदच वाटते.

अवांतर: मोरी (मुशी मासा) मिळाली की नाही? आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खाऊ घालतात आणि घरातले बाकीचे तिच्या निमित्ताने ताव मारतात.

कोंबड्याआधी

@तिरफळ, सोळाव्या दिवशी मिळाली. बिनतिखटाची, बिन-तिरफळाची. मोरीचाही अपमान आणि माझाही.

@काकू, "आयतं" हा शब्द मात्र लागला. दर दोन तासांनी उठणं आयतं नव्हतं. रात्री दीड, साडेतीन, पाच. पाच वाजता उठले की पुन्हा झोप नसायचीच, थोड्या वेळात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंगा वाजायचा. तो सायकलवरून येणारा माणूस मी कधी बघितला नाही. पण बाहेरच्या जगात माझ्यासारखं आणखी कोणीतरी जागं आहे, एवढं त्याच्यामुळे कळायचं. विहिरीवर जावं लागलं नाही हे कबूल. पण विहिरीवर निदान दुसऱ्या बायका तरी भेटत असतील.

पर्वरी_तिसरामजला

मी हे वाचून रागावलेय, आधीच सांगते.

माझं सिझेरियन. आई बेळगावात, बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, ती येणार कशी? सासूबाई नाहीत. नवरा चौथ्या दिवशी कामावर. आठव्या दिवशी मी एका हाताने टाके धरून कुकर लावला. शिट्टी झाली, पोरगा दचकून उठला, मी त्याला घ्यायला वाकले आणि तशीच खाली बसले. उठताच येईना. त्या लादीवर किती वेळ बसले होते देव जाणे. तिसऱ्या शिट्टीपर्यंतचं आठवतं.

खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती आंटी पुढचे दीड-दोन आठवडे रोज अकरा वाजता पेज आणि वर एखादा खारा बांगडा घेऊन यायच्या. सोयर नाही, सुतक नाही, नातं नाही. आल्या की डबा ठेवून पोराला उचलायच्या आणि मला म्हणायच्या, जा, आंघोळ कर. त्या दहा मिनिटांच्या आंघोळीसाठी मी सकाळपासून थांबलेली असायचे.

तुम्हाला खोली नको असेल तर मला द्या. धुरासकट घेते. मिळालेल्या माणसांनीच ही चैन करावी, बंद करा म्हणण्याची.

वेर्ण्याचा_बाबा

पुरुषाने बोलावं की नाही माहीत नाही, पण बोलतो.

बायको माहेरी, मी वेर्ण्याला शिफ्टमध्ये. कंपनीने रजा दिली तीन दिवस, तीही माझ्याच शिलकीतून. केंद्र सरकारच्या नोकरांना बाप झाल्यावर पंधरा दिवसांची रजा आहे. आम्हा खाजगीवाल्यांना कायद्याने एकही नाही. बायकांची रजा २०१७ मध्ये बारा आठवड्यांची सव्वीस झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. चांगलंच झालं. पण त्यात बापाचं नाव कुठेच नाही.

शनिवारी बस पकडून जायचो. सासूबाई बाहेरच्या ओट्यावर खुर्ची द्यायच्या, चहा द्यायच्या आणि मुलीला पाच मिनिटं आणून दाखवायच्या, दागिना दाखवतात तशी. खोलीत गेलेलं चालायचं नाही. मी पहिला लंगोट बदलला तो त्रेचाळिसाव्या दिवशी. तोपर्यंत बायकोचा हात इतका बसला होता की मी केलेलं काहीच तिला पटेना. अजून पटत नाही. धागाकर्तीशी सहमत, बंद करा.

तिरफळ

त्रेचाळिसाव्या दिवशी तरी बदललात. आमच्या वडिलांना अजून संधी मिळायचीय.

रात्रपाळी

एकोणीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे, तर चार गोष्टी.

विश्रांती हवीच, यावर वाद नको. पण चाळीस दिवस खाटेवर पडून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. बाळंतपणानंतर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणून सिझेरियनच्या बाईलाही आम्ही शक्य तितक्या लवकर उठवून चालवतो, मग ती आम्हाला शिव्या घालते. "पाणी कमी पी, टाके ओले होतील" हे तर डोक्यातून काढाच. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, तिला तांब्या भरून द्या. शेगडी आणि धुरी बंद खोलीत नकोच. धूर तो धूर, ओव्याचा असला तरी बाळाच्या छातीत जायचा तो जातोच. लंगोट दुसऱ्या खोलीत वाळवा. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. घुटी नको. मध तर वर्षभर नको, त्यातून बोटुलिझम ही विषबाधा होऊ शकते आणि ती तान्ह्याच्या जिवावर बेतते. पावसात ऊन नसतं म्हणून आजीबाई हळहळतात, त्यासाठी डॉक्टर ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात, रोज ४०० युनिट. आणि आईची लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवायची. ती घरी गेल्यावर पहिल्यांदा विसरली जाते.

आता रडण्याविषयी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणं खूप जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. विसाव्या दिवशीही थांबत नसेल तर त्याला दृष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्याच गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांनी आयांना तपासलं तर २३ टक्के जणींना नैराश्य होतं. सहा ते आठ आठवडे म्हणजे कधी? सव्वा महिना नुकताच संपलाय तेव्हा.

सत्तरीची_काकू

सिस्टरबाई, धुरीचं आणि पाण्याचं मान्य. मध आम्ही चाटवला होता, पोरं वाचली ती नशिबाने म्हणायची.

पण त्या तेवीस टक्क्यांचं मला सांगा. त्या बायका चाळीस दिवस खोलीत होत्या, की पर्वरीच्या मुलीसारख्या एकट्या कुकर लावत होत्या, की आठव्या दिवशी मजुरीला गेल्या होत्या? ते माहीत नसताना आकडा खोलीच्या माथी कसा मारता?

रात्रपाळी

रास्त प्रश्न. मारत नाही. तो अभ्यास खोलीबद्दल नव्हताच. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं, मुलगी झाली म्हणून घरात पडलेली तोंडं, असली कारणं त्यात पुढे आली. शिवाय नैराश्य सापडलेल्यांपैकी ७८ टक्के जणी गरोदरपणातच मनाने त्रासलेल्या होत्या. म्हणजे दुखणं पोटुशीपणापासूनचं, खोलीने आणलेलं नव्हे. पण यातल्या निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही तशाच होत्या, हेही खरं. तेव्हा "चाळीस दिवस पाळले की बाई आपोआप सावरते" या भरवशावरही राहू नका.

@कोंबड्याआधी, तुम्ही आता कशा आहात? जड वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो.

कोंबड्याआधी

विचारलंत, आभार. बरी आहे. चवथीनंतर महिनाभर नव्हते. मग नवऱ्याने ओळखलं आणि डॉक्टरकडे नेलं, त्याची गोष्ट वेगळी, इथे नको.

@पर्वरी, तुमचा राग वाचून दोन दिवस उत्तर सुचलं नाही. बंद करा हे मी घाईने लिहिलं. पण मला खोली मिळाली आणि तुम्हाला आंटी मिळाल्या, यात आंटी माझ्यापेक्षा तुमच्या वाट्याला जास्त आल्या असं मला अजूनही वाटतं. मला चाळीस दिवसांत "जा, आंघोळ कर" असं कोणी म्हटलं नाही. आंघोळ मला घालायचे. कढत पाणी, नारळाचं तेल, आणि मी डोळे मिटून बसलेली, पोरीसारखीच. घरात तान्ही बाळं दोन होती, पण बघायला येणारे एकीलाच बघून जायचे.

@काकू, तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. १९८४ मध्ये त्या चाळीस दिवसांत तुम्हाला कोणी विचारलं होतं का?

पर्वरी_तिसरामजला

राग कमी झालेला नाही, पण "दोन बाळं" वाचून थांबले.

तरी खोली मला हवी होती.

सत्तरीची_काकू

राग कसला.

खोलीत माझ्याबरोबर सासूबाई झोपायच्या, राखणीला. तिथे रडणार कशी? रात्री परसाकडे जाते सांगून कंदील घेऊन निघायचे आणि गोठ्यात जाऊन बसायचे. आमची गाय त्याच आठवड्यात व्यायलेली. पाऊस पत्र्यावर वाजत असायचा, त्यामुळे आवाज कोणाला जायचा नाही. किती रात्री गेले ते मोजलं नाही. मला वाटायचं आपल्यालाच काहीतरी लागलंय, सगळ्यांची झाली, आपलीच कशी अशी. हे आज पहिल्यांदा लिहितेय, घरात कोणाला माहीत नाही.

मामंजी सकाळी गोठ्यात यायचे, गायीच्या पाठीवर हात फिरवायचे आणि विचारायचे, "बरी आसा मगो?" मला खोलीत ऐकू यायचं.

असो. तरी खोली हवी यावर मी ठाम आहे. सुनेला सातवा लागलाय. ती म्हणते, माहेरी नाही जाणार, इथेच राहणार, आणि खोलीत एसी लावणार. मी नको म्हटलंय. बघू.