शब्दचर्चा : 'ऑटोइम्यून'ला मराठीत काय म्हणावं?

बिंदुसराकाठ :
एका ठिकाणी अडलोय, मदत करा. बीडमध्ये आमवाताच्या पेशंटसाठी दोन पानी माहितीपत्रक मराठीत करायला घेतलंय. मूळ मजकूर साधाच आहे. हा ऑटोइम्यून आजार आहे, यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते, औषध तिला दाबतं. मी लिहिलं, 'हा स्वयंप्रतिकार रोग आहे. ही गोळी प्रतिकारशक्ती कमी करते.' छापायच्या आधी मावशीला वाचून दाखवलं. ती गेवराईकडची, नऊ वर्षांपासून आमवात आहे तिला. ती म्हणाली, "स्वयंप्रतिकार म्हंजे आपला आपण प्रतिकार करायलो. मग ते तर चांगलंच की! अन् चांगलं आसंल तर गोळीनं कमी कामून करायलेत?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांखाली कुणीतरी तिला हेच सांगितलं होतं, ही गोळी प्रतिकारशक्ती कमी करते म्हणून. नुकतंच करोनातून उठलेलं गाव. तिनं कुणाला न सांगता गोळी बंद केली. दोन महिन्यांत बोटं अशी सुजली की भाकरी थापता येईना. परातीत उंडा ठेवून तळहाताच्या बुडानं दाबत होती, कडा फाटत होत्या, आणि फाटलेल्या कडा जुळवायला बोटं वळत नव्हती. हे मी समोर बसून पाहिलंय. म्हणून एक शब्द हवा आहे, आणि गोळी काय करते हे सांगणारं असं एक वाक्य, जे ऐकून माणूस गोळी सोडणार नाही.

दुधना :
घोटाळा 'स्वयं'मध्ये आहे. स्वयं म्हणजे स्वतः होऊन. स्वयंपाक म्हणजे आपण रांधलेलं. स्वयंसेवक, स्वयंचलित, स्वयंभू, सगळीकडे 'स्वयं' करणाऱ्याकडे बोट दाखवतो. तुम्हाला दाखवायचंय ते ज्याच्यावर हल्ला होतो ते. तिथं 'स्व' पाहिजे. मावशींनी शब्द नेमका वाचला, चूक शब्दाची आहे. हिंदीवाले स्वप्रतिरक्षा म्हणतात, पण रक्षा म्हटलं की पुन्हा चांगलंच वाटतं. 'स्वविरोधी प्रतिकार' लिहा.

मन्याड :
मी नर्स आहे, नांदेड जिल्ह्यात. ओपीडीत 'स्वविरोधी प्रतिकार' म्हटलं तर पेशंट बाहेर जाऊन दुसऱ्याला विचारतील, बाई काय म्हणाल्या. आम्ही ऑटोइम्यूनच म्हणतो आणि मग समजावतो. खरं काम समजावण्याचं आहे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांचा ऑटोइम्यून आजार) साथ आली तेव्हा बातम्यांत सारखं सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड असं यायचं. ते पुण्याजवळचं नांदेड गाव. पण मला माहेरहून फोनावर फोन, "माय, आपल्या नांदेडात मान्सांचे पाय लुळे पडूलालेत म्हणं?" तेव्हा मी असं सांगितलं. दूषित पाण्यातून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो, जुलाब होतात. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. आता समजा गावात पिवळा पटका बांधलेला चोर शिरला. लोकांनी त्याला धरलं, मारलं. आठवड्यानं आपलाच सालगडी पिवळा पटका बांधून रानातून आला. लोकांनी त्यालाही हाणलं. त्या जंतूच्या अंगावरचा एक भाग आपल्या नसांवरच्या भागासारखा दिसतो, म्हणून प्रतिपिंडं नसांवर जातात आणि पायांपासून ताकद जाऊ लागते. लहान लेकरांत घसा येऊन गेल्यावर हृदयाच्या झडपा बिघडतात, तेही याच जातीचं. त्या लेकरांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू ठेवतात, कारण घसा पुन्हा आला की मार पुन्हा झडपांवर बसतो.

शब्दच पाहिजे असेल तर मी 'ओळखचुकीचा आजार' म्हणेन. सगळ्याच ऑटोइम्यून आजारांत जंतू सापडत नाही, आमवाताचं मूळ इतकं सरळ सांगता येत नाही. पण ओळख चुकली एवढं सगळीकडं खरं आहे.

तेरणाकाठ :
एवढा खल कशाला? 'कुंपणच शेत खातंय' म्हणा. लेकराबाळाला कळतं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, म्हणीनं जे काम होतं ते परिभाषेनं होत नाही.

पूर्णामाय :
सर, ती म्हण नका वापरू, विनंती आहे. मला ल्युपस आहे, तोही ऑटोइम्यूनच, अकरा वर्षं झाली. 'तुमचंच शरीर तुमच्यावर उलटलंय' असं मला पहिल्यांदा सांगितलं त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या हातून काहीतरी झालं असणार असंच वाटत राहिलं. घरातही ऐकलं, मनात कुढत राहतेस म्हणून झालं. कुंपण शेत खातं म्हणजे लबाडी. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणजे फितुरी. दोन्हींत कुणीतरी गुन्हेगार आहे. माझ्या पेशी लबाड नाहीत आणि फितूरही नाहीत. त्यांना नेमून दिलेलं कामच त्या करतात, नको त्या जागी करतात. मला 'आपलेच दात, आपलेच ओठ' ही म्हण पटते. जेवताना ओठ चावला जातो तेव्हा दात वैरी नसतो, आणि तेवढ्यासाठी दात कुणी उपटत नाही.

तेरणाकाठ :
ताई, म्हण मागे घेतो. दात-ओठच बरोबर.

पण एक सांगू द्या. प्रतिकारयंत्रणा हा शब्द नवा असला तरी ती चालताना आपल्या लोकांनी पाहिली होती. लहानपणी ज्वारीचं धसकट पायात घुसलं की दोन दिवसांत जांघेत गाठ यायची. तिला अवधान म्हणायचे. चालताना पाय ओढत चालायचं. आजी गाठीला हात लावायची नाही, आधी पायाचा तळवा बघायची, सुईनं धसकटाचा तुकडा काढायची. गाठ जांघेत आणि कारण तळव्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता हा शब्द कुणी वापरतं का?

मन्याड :
वापरतात की! आजीचं अगदी बरोबर. तळव्यातले जंतू वर सरकू लागले की जांघेतल्या लसिकागाठीत अडवले जातात, त्यांना ओळखणाऱ्या पेशी तिथंच भराभर वाढतात, म्हणून गाठ फुगते आणि दुखते.

मांजरा :
अवधान म्हणजे लक्ष देणं. शरीर जखमेकडं लक्ष देतंय, म्हणून अवधान. याहून सुंदर शब्द कुठल्या भाषेत असेल?

दुधना :
सुंदर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून मला पटत नाही. आमच्याकडं जुनी माणसं 'अवधाण' म्हणतात, ण बाणाचा. संस्कृत अवधानातल्या न चा ण कसा होईल? उच्चार सारखे म्हणून मूळ एक, असं धरू नये.

मांजरा :
बोलीत न चा ण आणि ण चा न रोज होतो. लातुरात 'पानी' आणि 'पाणी' एकाच घरात ऐकू येतं. मग 'लस' घ्या. जखमेतून येणारं पातळ चिकट पाणी म्हणजे लस, आम्ही अजून म्हणतो, 'जखम लसायली'. जेन्नरनं १७९६ मध्ये गवळणीच्या हातावरच्या फोडातलं, गायीच्या देवीचं पाणी एका पोराच्या दंडात घातलं. टोचायच्या द्रव्याला मराठीत नाव पडलं लस. आता कुपीत फोडाचं पाणी नाही, नाव राहिलं. माझी आजी लस टोचली म्हणायची नाही, 'देवी काढल्या' म्हणायची, दंडावरचे दोन वण दाखवून.

आणि इम्युनिटी? रोमन लोकांत ज्याला कर आणि वेठ माफ तो इम्युनिस. आपल्याकडं निजामाच्या राज्यात इनाम जमिनीला सारा माफ असायचा. गोवर एकदा होऊन गेला की पुढं माफ. म्हणून मी म्हणतो इम्युनिटी म्हणजे 'माफी'. आपल्या पेशींना आपल्याच शरीरात जन्मजात माफी असते. ती रद्द झाली की ऑटोइम्यून. 'माफी गेलेला आजार'.

पूर्णामाय :
कल्पना आवडली, शब्द नको. माफी म्हटलं की आधी गुन्हा येतो.

दुधना :
आणि इनामदारी गेली त्याला किती वर्षं झाली. आजच्या पोराला माफी म्हणजे कर्जमाफीच आठवणार.

मांजरांच्या कल्पनेत तथ्य मात्र आहे. ही 'माफी' शरीर शिकवून घेतं. टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या लढाऊ पेशी, छातीच्या हाडामागच्या यौवनलोपी ग्रंथीत तयार होतात. स्वतःच्या घटकांवर जोरात चालून जाणाऱ्या पेशी तिथंच मारल्या जातात. तरी काही निसटतात, त्यांना नियामक टी पेशी आवरून धरतात. त्या शोधासाठीच २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ब्रंकॉव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळालं.

मन्याड :
यौवनलोपी? थायमस म्हणा हो. चौदा वर्षं नोकरी झाली, हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

दुधना :
ऐकला नाही म्हणून वाईट होत नाही. वयात आल्यावर ती ग्रंथी आक्रसत जाते, हे त्या शब्दातच आहे. थायमसमध्ये मराठी माणसाला काय दिसतं? शब्द कानावर पडला की थोडं तरी कळावं, एवढंच माझं म्हणणं. परका शब्द घेऊ नका असं मी म्हणत नाही. 'पेशंट' मीही म्हणतो.

तेरणाकाठ :
ग्रंथीत जे चालतं ती खुरपणीच की. तण काढलं तरी एखादं राहतंच.

बालाघाट :
शब्द राहू द्या बाजूला. गुळवेलीचा काढा सकाळी अनशापोटी घ्या, प्रतिकारशक्ती वाढते, गोळीची गरज पडत नाही. आमच्या घरी सगळे घेतात.

पूर्णामाय :
दादा, आमच्या आजारात वाढवायचीच नाही ती. तुमच्या भल्या मनाबद्दल शंका नाही, पण याच एका वाक्यानं आमच्यातल्या बाया गोळ्या सोडतात. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या यकृताला अशीच स्वतःच्या प्रतिकारातून आलेली सूज नोंदवली होती. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद झाला. वाद राहू द्या, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय मी घेणार नाही आणि कुणाला घ्या म्हणणार नाही.

बालाघाट :
मंत्रालयानं मान्य केलं नाही ना? मग झालं. पिढ्यान् पिढ्या घेतात लोक.

बिंदुसराकाठ :
कृपया गुळवेलीवर वेगळी चर्चा काढा. दुधनांनी लिहिलेलं 'आवरून धरतात' मला उपयोगी पडलं. मावशीला सकाळी विचारलं, 'ही गोळी प्रतिकाराला आवर घालते' असं लिहू का? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वेसण म्हण की. वेसण घातली म्हणून बैलाची ताकद जात नाही. बैल हाय तसाच ऱ्हातो, फकस्त आपल्या पिकात तोंड घालीत नाही."

तेरणाकाठ :
मावशींच्या पायावर डोकं ठेवावं वाटतंय. झालं की काम!

मन्याड :
थांबा. मलाही ते फार आवडलं, पण ताकद जात नाही असं छापू नका. या गोळ्यांनी जंतूंशी लढायची ताकद थोडी उतरतेच. पेशंटनं ताप, खोकला, लघवीची जळजळ अंगावर काढायची नाही, लगेच दाखवायचं. ताकद शाबूत आहे असं वाचलं तर तापाकडं दुर्लक्ष करतील. घाबरवायचं नाही हे खरं, पण लपवायचंही नाही.

आणि दुसरं, आमवाताची गोळी मेथोट्रेक्झेट असेल तर शब्दांपेक्षा वार महत्त्वाचा. ही गोळी आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली तर जीवावर बेतते. आम्ही चिठ्ठीवर गोल करून लिहितो आणि 'बाजारच्या दिवशीची गोळी' असं सांगतो. गावचा बाजार माणूस विसरत नाही.

बिंदुसराकाठ :
मावशीचीही बुधवारचीच आहे, बाजारची! तुमची हरकत कळली. वेसण ठेवायची की काढायची हे मला अजून ठरवता येत नाही. आणि शब्द? स्वविरोधी प्रतिकार, ओळखचुकीचा आजार, की सरळ ऑटोइम्यून?

दुधना :
स्वविरोधी.

मन्याड :
ऑटोइम्यून, आणि खाली सालगड्याची गोष्ट.

मांजरा :
अवधानाचं राहिलं. माझ्या सासुरवाडीला जांघेतल्यालाच अवधान म्हणतात, काखेतल्या गाठीला काखमांजरी. तुमच्याकडं?

तेरणाकाठ :
काखमांजरी वेगळी. ती पिकणारी, पू येणारी गळवं. काखेतही अवधान येतं, हाताला जखम असेल तर.

गंगथडी :
मी नुसता वाचत होतो. आमच्या आईच्या काखेत गाठ आहे, चारेक महिने झाले असतील. हाताला जखम नाही. दुखतही नाही, म्हणून ती दाखवू देत नाही. हेही अवधानच म्हणायचं का?

मन्याड :
नाही दादा. अवधान दुखतं, त्याला जखम असते, आणि जखम भरली की ते उतरतं. जखम नसताना आलेली, न दुखणारी आणि इतके महिने राहिलेली गाठ डॉक्टरांनी तपासलीच पाहिजे. छातीतही गाठ आहे का तेही बघायला सांगा. उद्याच न्या.

गंगथडी :
उद्या गावचा बाजार आहे, परवा नेतो.

मन्याड :
बाजार राहू द्या. उद्याच न्या, आणि काय सांगितलं ते इथं कळवा.