मदत हवी आहे: रानवाटांवर एकटीने चालायचं आहे

नमस्कार,

मला एकटीने चालायला आवडतं. बागेतल्या फेऱ्या नव्हेत. वस्ती मागे टाकायची आणि शेताच्या बांधावरून, माळावरून, टेकडीच्या कडेने जायचं, जिथे तास तास माणूस दिसत नाही. "कुणाला तरी सोबत ने" हा सल्ला कृपया नको. सोबत असली की सगळं लक्ष गप्पांत जातं. जावं की नाही हे विचारत नाहीये, कसं जावं हे विचारतेय.

घरचे साप, कुत्री, पाय मुरगळणं वगैरे घाबरवतात. मला धास्ती आहे ती माणसाची. मध्यंतरी एका कच्च्या रस्त्यावर मागून मोटारसायकल आली. आवाज जवळ आला आणि पुढे निघून जायच्या ऐवजी मंदावला. गाडी माझ्या बरोबरीने चालायला लागली. "एकट्याच? कुठे निघालात?" त्याच्या मनात काही नसेलही, बहुतेक नव्हतंच. पण तो गेल्यावर अर्धा तास मला ना झाड दिसलं ना पाखरू. इंजिन परत ऐकू येतंय का, एवढंच ऐकत होते.

त्याच रस्त्याने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई चालली होती, तिला त्याने हटकलं नाही. कामाला निघालेल्या बाईला कुणी एकटी धरत नाही. रिकाम्या हाताने हिंडणारी दिसली की चौकशी सुरू.

तर अशा वेळी तुम्ही काय उत्तर देता? रेंज नसेल तिथे काय सोय करता? आणि अंधाराच्या आत परतायचा हिशोब कसा मांडता? माझा अंदाज फारच ढोबळ असतो.

प्रतिसाद

खोटं बोलायचं, बिनदिक्कत. फक्त पचेल असं. "मागून येताहेत" म्हणाल तर तो मागूनच आलाय, त्याने रिकामा रस्ता पाहिलाय. "पुढे गेलेत" म्हणाल तर तो पुढेच चाललाय. मी आडव्या दिशेला हात करते: "त्या पलीकडे आमची माणसं थांबलीत, तिकडेच चाललेय." खरा मुक्काम सांगायचा नाही.

आणि चालत राहू नका. थांबा, कडेला व्हा, गाडी पुढे जाऊ द्या. तुम्ही चालत राहिलात की तो पाठीशी राहतो, थांबलात की त्याला काहीतरी ठरवावं लागतं. शक्य असेल तर तिथूनच चाक जाणार नाही अशी पायवाट धरा. दोन्ही कानांत इअरफोन तर अजिबात नको.

प्रतिसाद

रेंजबद्दल. जीपीएस उपग्रहांवर चालतं, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर फ्लाइट मोडमध्येही आपण कुठे आहोत ते दिसतं, आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.

व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन मला एकटं पुरेसं वाटत नाही. नेट गेलं की ठिपका तिथेच अडकतो आणि घरचे हवालदिल होतात. त्यापेक्षा एका भरवशाच्या माणसाला लिहून पाठवा: कुठून निघतेय, कोणत्या वाटेने, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन करणार, आणि तो नाही आला तर त्याने नेमकं काय करायचं. हे शेवटचं सगळे विसरतात, आणि मग वेळ उलटून गेल्यावर "अजून थोडं थांबू" यातच तास जातो.

कॉल लागत नसेल तिथेही कधीकधी साधा एसएमएस जातो. बऱ्याच देशांत ११२ हा आणीबाणीचा नंबर आहे. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर तो लागू शकतो, म्हणून "नो सर्व्हिस" दिसलं तरी लावून बघावा. शिवाय शिट्टी. डोंगरातला मदतीचा इशारा म्हणजे मिनिटभरात ६ वेळा वाजवणं, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच. उत्तर ३ शिट्ट्यांनी येतं.

प्रतिसाद

वेळेसाठी नेस्मिथचा नियम वापरा. स्कॉटिश गिर्यारोहक होता, १८९२ चा हिशोब आहे, अजून चालतो. सपाटीला ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटर उंचीला एक तास जादा. १० किलोमीटर आणि ३०० मीटर चढ म्हणजे अडीच तास. यात बसणं, फोटो, वाट चुकणं धरलेलं नाही, ते आपलं आपण वाढवायचं. मी सूर्यास्ताच्या आधी तासभर गाडीरस्त्याला लागेन असं बघते, आणि तरी टॉर्च घेतेच.

कुत्र्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी: पळायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, उभं राहून मग हळूहळू तिरकं सरकायचं. मेंढरांचा कळप दिसला तर लांबून वळसा, राखणीचं कुत्रं त्यातच असतं.

प्रतिसाद

घरच्यांसाठी एक नाव देते. एमा गेटवुड, अमेरिकेतल्या आजीबाई. १९५५ मध्ये, ६७ व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून जास्त लांबीची अ‍ॅपलाचियन ट्रेल ही डोंगरवाट एकटीने एकाच मोसमात पुरी करणारी पहिली स्त्री. पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली थैली. मुलांना सांगितलं काय, तर जरा चालायला जातेय (रेंजबद्दलचा वरचा प्रतिसाद वाचलेल्यांनी हे करू नये!). तिने मार खाल्ला तो घरात, नवऱ्याचा. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे आकडेही तेच सांगतात: जगात साधारण ३ पैकी एका स्त्रीच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा येते, आणि ती बहुतांशी जोडीदाराकडून. रानातली सावधगिरी हवीच, पण "घरी बस, सुरक्षित राहशील" हे मला पटत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आडव्या दिशेचं उत्तर तर आजच पाठ केलं. शिट्टी मण्याची (आत गोळी फिरते ती) घ्यायची की बिनमण्याची?

प्रतिसाद

बिनमण्याची. मण्याची ओली झाली की अडकू शकते. पिशवीच्या तळाशी टाकू नका, खांद्याच्या पट्ट्याला बांधा, पडल्यावर एका हाताने तोंडाशी आली पाहिजे. आणि निघायच्या आधी एकदा फुंकून बघा.